बियाणं तपासून मग पेरायचं?

दारव्हा तालुक्यातल्या एका काकांचं पत्र आलंय. थोरले बंधू 46 वर्षांचे. चालताना तोल जातो, वाचायला जमत नाही. नागपुरात जनुक तपासणी केली तर एससीए-2 हा तोल बिघडवणारा, मेंदूचा आनुवंशिक आजार निघाला. त्यांच्या आईलाही हेच होतं. पुतणी 17 वर्षांची, बारावी सायन्सला. काका लिहितात, 'आधी तिची तपासणी करतो. चांगली आली तर नीटच्या क्लासला पैसे लावतो, डोळ्यांची डॉक्टर होऊन बापाला बरं करील. नाही तर उगाच खर्च कशाला?'

भाऊ, ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून सोयाबीनची उगवण बघतात, ते ठीक. पोरीची अशी बघत नसतात. लक्षणं नसलेल्या अठराखालच्या मुलांची या आजारासाठी तपासणी करू नये, असा वैद्यकीय संकेतच आहे. अठरानंतर करायची की नाही, हे समुपदेशन घेऊन ती ठरवील. रिपोर्टही तिचाच, घराचा नाही.

आणि एक विचारू? आजार आईकडून आला म्हणजे जन्मतः तुम्हालाही तो मिळायची शक्यता निम्मी होती, पुतणीइतकीच. तुम्ही तपासून घेतलंत? तुमच्या मुलाला अमरावतीला इंजिनिअरिंगला घातलं म्हणता. तेव्हा त्याचा रिपोर्ट कोणी मागितला होता?

चष्मा तीनदा बदललात, आता चौथा नको. बंधूंना अक्षर दिसतं. एका शब्दावरून पुढच्या शब्दावर डोळा झटकन उडी मारतो ना, ती उडी मंदावलीय. तिचा हुकूम मेंदूच्या बुडाशी सुटतो आणि तिथल्याच पेशी झिजतायत. म्हणून ते डोळा फिरवायच्या ऐवजी मान वळवून बघत असतील. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडियांनी ही संथ नजर 1971 सालीच नऊ कुटुंबांत नोंदवली होती. (याच गटातल्या एससीए-7 मध्ये मात्र डोळ्याचा पडदाच खराब होतो, म्हणून रिपोर्टवरचा आकडा नीट वाचा.) तेव्हा हे काम मेंदूविकारतज्ज्ञाचं. आजार थांबवणारं औषध त्यांच्याकडेही आज नाही. एमबीबीएसची साडेपाच आणि एमएसची तीन वर्षं बापाला बरं करायच्या आशेवर काढायला लावणं, ही त्या पोरीला शिक्षा आहे.

पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: 'मॅडम, मला बीएस्सी ॲग्री करायचंय.' मग एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरा, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपलंच आहे.

बंधू अजून मोटरसायकलवर वावरात जातात म्हणे. किल्ली आजच काढून घ्या.