ती अँटिबायोटिकची गोळी देण्याआधी एक फोन करा

तुम्ही लिहिलंय, बाबांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटला चार महिने झाले, तीन दिवसांपासून खोकला, ताप 99.8, जवळच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलंय, सुरू करू का? वाचून पोटात गोळाच आला. 2019 च्या श्रावणात आमच्याकडे हेच झालं होतं, औषधसुद्धा हेच.

मी डॉक्टर नाही, पेशंटची बायको आहे. तरी ठासून सांगते, ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय ही गोळी देऊ नका.

आमच्या यांना दिराने लिव्हर दिलं होतं. टीम पुण्यात, आम्ही नाशिकला. पाचव्या महिन्यात खोकला सुरू झाला म्हणून हेल्पलाइनला फोन लावला. शुक्रवारची संध्याकाळ. "सोमवारी ओपीडीत दाखवा." मी तीनदा सांगितलं की ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, त्या बाईंनी तीनदा आयडी नंबर विचारला. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस भला, पण बाकी काय औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फाइल माझ्याच पिशवीत होती!

मंगळवारी सकाळी यांच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडायला लागला. मला वाटलं, अशक्तपणा असेल. बुधवारी टॅक्रोलिमसची (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध) रक्तातली लेव्हल आली 24, महिन्यापूर्वी ती 7 होती. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन दुप्पट. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे टॅक्रोलिमसचा निचरा होत नाही, ते रक्तात साचतं आणि किडनीवर येतं. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलचंही तेच. टीबीच्या रिफाम्पिसिनचं उलट, लेव्हल कोसळते आणि रिजेक्शनची, म्हणजे शरीराने लिव्हर नाकारण्याची भीती. नऊ दिवस ॲडमिट होतो. आणि खोकला? साधा व्हायरल निघाला.

पण म्हणून तुम्हीही व्हायरल समजून थांबू नका. ट्रान्सप्लांटनंतरच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर ताप दबून राहतो, त्यामुळे 99.8 ला "काही नाही" म्हणता येत नाही. वर पॅरासिटामॉल देऊन थर्मामीटर लावला तर कळणार काय? जिना चढताना दम लागतोय का ते बघा, आजच फोनवर सांगा. आम्हाला सांगितलं होतं, 100.4 ताप, थंडी वाजणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद (पित्तनलिकेत इन्फेक्शन असू शकतं), यातलं काहीही झालं तर रात्री दोनलाही कळवायचं. इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेलं सेप्ट्रान आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, दुसरी कितीही महाग असली तरी.

टॅक्रोलिमसच्या लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं, हे लॅबवाल्याला दर वेळी सांगावं लागतं. आमच्याकडे एकदा गोळीनंतर घेतलं आणि दोन दिवस उगीच घोर लागला.

बाल्कनीत कबुतरं असतील तर ती घाण बाबांना साफ करू देऊ नका. कच्च्या दुधाचं पंचामृत नको, सासूबाई रुसल्या तरी चालेल. पपनस पण नको, त्यानेही लेव्हल वाढते. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्या. बाबांना मात्र कुठलीही लस टीमला विचारूनच, जिवंत लस (कमकुवत केलेले जिवंत जंतू असलेली) त्यांना चालत नाही.

आणि ट्रान्सप्लांट टीमच्या कोऑर्डिनेटरचा थेट मोबाइल नंबर मागून घ्या. नाही म्हणाले तरी मागा. आम्हाला तो मिळाला नऊ दिवसांनी, डिस्चार्जच्या कागदावर, पेनाने लिहिलेला.