बडोद्यात चित्रकारांचे स्टुडिओ बघायला पहिल्यांदाच जातेयस ना?
आधी भीती काढून टाक, चित्रातलं कळत नाही म्हणून कोणी हाकलत नाही. पण एकदम स्टुडिओपासून सुरुवात नको, आधी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाडांच्या स्मारकात, शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं निवांत बघ, मग फत्तेसिंह म्युझियममधला रविवर्मा, म्हणजे जरा नजर बसते. आणि एम. एस. युनिव्हर्सिटीच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत वर्षाच्या शेवटी मुलांच्या कामाचं डिस्प्ले असतं ते अजिबात चुकवू नकोस, काम करणारी मुलं तिथेच असतात, विचारलं की इतकं मनापासून सांगतात की मला अजूनही दर वेळी भरून येतं.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- फोन न करता थडकणं. ती त्यांची कामाची जागा आहे गं.
- चित्राला हात लावणं. ऑइल पेंट वरून सुकल्यासारखं दिसतं पण आतून कित्येक दिवस ओलं असतं, पाठीवरची सॅकसुद्धा काढून हातात धर.
- शिरल्या शिरल्या "केवढ्याला?" त्यापेक्षा "हे कुठून सुरू झालं" विचार, बघ कसे खुलतात.
- न विचारता फोटो.

एका दिवशी एकच स्टुडिओ कर. विकत घेणं, प्रिंटच्या एडिशन (एकाच चित्राच्या ठरावीक छापील प्रती) वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नकोस, दोन-तीन ठिकाणं बघून झाली की सांगते.