चार बोल्ट आणि न झालेली नोंद

तू लिहिलंयस की एएमईच्या, म्हणजे विमान देखभालीच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहेस, हातकाम आवडतं पण टास्क कार्ड (कोणतं काम कसं करायचं आणि झालं का याचा कागद), सह्या, स्टॅम्प हे सगळं कारकुनी वाटतं, आणि वर विचारलंस की अलास्का एअरलाइन्सच्या विमानाचा डोअर प्लग, म्हणजे न लागणाऱ्या दाराची जागा बंद करणारा तुकडा, उडाला तर आधी कुणालाच कसं कळलं नाही. मला तर दोन्हीचं उत्तर एकच वाटतं.

5 जानेवारी 2024, पोर्टलंडहून निघालेलं बोईंग 737-9 मॅक्स, वर चढतानाच प्लग निघून गेला. शेजारच्या दोन सीट रिकाम्या होत्या, कुणी दगावलं नाही. आता मागे जा. बोईंगच्या रेंटनमधल्या फॅक्टरीत प्लगजवळचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, खराब निघाले, ते दुरुस्त करायला चार बोल्ट काढून प्लग उघडला, काम झाल्यावर प्लग मिटला पण बोल्ट काही परत बसले नाहीत. खरी गोम पुढेच आहे, प्लग उघडल्याची नोंदच कुणी केली नाही. ती पडली असती तर बसवल्यावर क्वालिटीवाल्याला तपासायला यावंच लागलं असतं. नोंद नाही म्हणजे सिस्टिमच्या लेखी प्लग उघडलाच नव्हता, मग तपासणार कोण?

तपासात एनटीएसबीला, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेला, त्या दुरुस्तीनंतरचा एक फोटो मिळाला. बोल्टच्या तीन जागा सरळ रिकाम्या दिसतायत, चौथी इन्सुलेशनखाली. म्हणजे डोळ्यासमोर होतं, पण बोल्ट बघायचं काम तेव्हा कुणाकडेच नव्हतं. मग वरून आतलं पॅनल बसलं की प्रवाशाला ती साधी खिडकी.

आणि लगेच का नाही उडाला? प्लगवरचे 12 स्टॉप पॅड फ्रेमवरच्या 12 स्टॉप फिटिंगना टेकतात, केबिनचं प्रेशर त्यांना दाबून धरतं, बोल्ट असतात ते प्लग वर सरकू नये म्हणून. त्यामुळे ऑक्टोबर 2023 ला डिलिव्हरी झालेलं विमान उडत राहिलं आणि प्लग हळूहळू वर सरकत गेला.

म्हणून सांगते, लायसन्स परीक्षेचे मॉड्यूल 9 आणि 10 नुसते रट्टा मारून काढू नकोस, ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या चुका का होतात) आणि लेजिस्लेशन (नियम) हेच आहे. उद्या लायसन्स मिळालं की सीआरएसवर, म्हणजे काम झालं, विमान उडायला सोडा या दाखल्यावर, सही तुझी असणार. हँगरला ट्रेनिंगला गेलास की सीनियरला विचार, सर, शिफ्ट बदलताना अर्धवट काम कुठे लिहिता, आणि ते रजिस्टर बघायला माग. एखादं पॅनल उघडलंस तर लगेच लिही, चहाला जायच्या आधी. हे महिनाभर करून बघ, तरीही जीव रमला नाही तर डिझाइनकडे वळायचे रस्ते आहेत, तेव्हा मला परत लिही.