औटघटकेचे तारे आणि एकगाणी गायक

प्रश्न असा आला आहे: ‘दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवा गायक उगवतो, घरातली पोरं त्याच्यापायी खुळावतात आणि त्याचं नाव माझ्या तोंडात बसेपर्यंत तो गायबही झालेला असतो. वैताग आलाय नुसता. हा वैताग लिहून काढताना मी “हे अल्पायुषी पॉपस्टार” असं लिहिलं, तर मित्र म्हणाला, “औटघटकेचे” म्हण. आता हे “औट” म्हणजे इंग्रजी “आऊट” तर नव्हे? आणि “वन हिट वंडर”ला, म्हणजे एकच गाणं गाजवून विसरल्या गेलेल्या गायकाला, मराठीत नेमका शब्द आहे का?’

वैतागाला माझी पूर्ण सहानुभूती आहे. तुमच्या मित्राचा कानही चांगला आहे.

आधी ‘अल्पायुषी’ खोडून टाका. अल्पायुषी म्हणजे ज्याला आयुष्यच थोडं मिळालं, जो लवकर गेला तो. तुमचे गायक चांगले धडधाकट आहेत, फक्त त्यांचं गाणं आता कुणी लावत नाही. तुमचं वाक्य वाचताना मला क्षणभर वाटलं की पुढे श्रद्धांजली येणार. ‘अल्पजीवी’ माणसाला लावला तर तीच गत. ‘अल्पजीवी लोकप्रियता’ मात्र चालेल, कारण तिथे जीव लोकप्रियतेचा जातो. ‘क्षणभंगुर’ही नको. देह क्षणभंगुर, संसार क्षणभंगुर असं म्हणणारा माणूस हात जोडून बसलेला असतो. तुम्ही कानांवर हात ठेवून बसला आहात.

आता औट. ‘आऊट’शी त्याचं काही नातं नाही. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतात ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे ज्यातला चौथा अर्धाच आहे असा आकडा. प्राकृतात त्याचं ‘अद्धुट्ठ’ झालं आणि झिजत झिजत मराठीत ‘औट’ उरलं. अडीच हा शब्द याच वळणाने ‘अर्धतृतीय’वरून आला. पूर्वी मुलांना पावकी, निमकी, सवाकी, दिडकी यांच्या जोडीला औटकीही पाठ करावी लागे: औट दुणे सात, औट त्रिक साडेदहा. पाढे गेले, त्यांच्याबरोबर औटही गेला. ‘औट हात’ देहाचा उल्लेख जुन्या लेखनात सापडतो, पण आज बोलण्यात हा शब्द जवळजवळ ‘औटघटके’पुरताच राहिला आहे. म्हणून तर तो इंग्रजी वाटायला लागला.

घटका म्हणजे २४ मिनिटं. दिवसरात्र मिळून ६० घटका. ‘घटिका’ म्हणजे मुळात लहानसं भांडं. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत येत राहतं, वाटी हळूहळू जड होते, काठ पाण्याला टेकतो आणि ती गपकन खाली जाते. ती बुडाली की घटका भरली. ‘त्याची घटका भरली’, ‘शेवटच्या घटका मोजतोय’ हे वाक्प्रचार त्या बुडणाऱ्या वाटीचे आहेत. अशा साडेतीन वाट्या बुडायला लागणारा वेळ म्हणजे औटघटका. गणित केलं तर ८४ मिनिटं.

इथे थोडं आडवळण घेतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर, दहा इंची असेल तर, साधारण तीन ते साडेतीन मिनिटंच मावत. गाणं तेवढ्यात बसवावं लागे, आणि पुढे तबकड्या बदलल्या तरी लोकप्रिय गाण्याची लांबी बराच काळ त्याच आसपास राहिली. म्हणजे पॉप गाणं हे जन्मानेच औट मिनिटांचं. आणि आता? स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की ते गाणं एकदा ऐकलं असं धरतात. घटकेचा साठावा भाग म्हणजे पळ, २४ सेकंदांचं. तेव्हा ३० सेकंद म्हणजे बरोबर सव्वा पळ. मोजणीला एवढं पुरत असेल तर गाण्यातली आकर्षक ओळ कडव्याची वाट बघत मागे थांबेल कशाला? ती दारातच येऊन उभी राहते. या हिशेबाने तुमच्या गायकाला ‘औटघटकेचा’ म्हणणं हा सन्मानच आहे. ८४ मिनिटं हल्ली कोण कुणाला देतं?

वापराबद्दल एक सांगायला हवं. ‘औटघटकेचा’ हा शब्द राज्य, सत्ता, पद, वैभव, कीर्ती यांच्याशी जुळतो. ‘औटघटकेचा राजा’ म्हटलं की तो माणूस मेल्याचं कुणी समजत नाही, गादी गेल्याचं समजतात. ‘अल्पायुषी’पेक्षा तो इथे चपखल बसतो तो यामुळेच. शिवाय त्यात जी बारीक टिंगल आहे ती तुम्हाला हवीच आहे. लिहिताना ‘औटघटकेचा’ एकत्र लिहा. तोडून लिहिलात की ‘औट’कडे बघून आणखी कुणीतरी तुमचाच प्रश्न विचारेल.

तुमच्या वाक्यात दुसरी गोष्ट आहे ती फॅडची. ‘फॅड’ आता मराठीच झालं आहे, ‘काय हे एकेक फॅड’ म्हणताना कुणी अडखळत नाही. पण आपल्याकडे त्यासाठी तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत, यात मला फार गंमत वाटते. टूम, खूळ आणि लाट. त्यांची क्रियापदं बघा. टूम निघते, किंवा कुणीतरी काढतं. खूळ डोक्यात शिरतं आणि डोक्यातून जातं. लाट येते आणि ओसरते. टूम म्हटलं की ती काढणारा कुणीतरी असतो, बहुधा शहाणा, आणि त्यात त्याचा काही फायदा असतो. खूळ म्हटलं की ते ज्याच्या डोक्यात शिरलं तो डोळ्यांपुढे येतो. लाट म्हटलं की दोघेही नाहीसे होतात. जणू निसर्गानेच केलं, कुणाचा दोष नाही. संगीत कंपन्यांच्या भाषेत सगळं लाटच असतं, ते उगाच नाही. एकच गाणं कंपनीच्या कचेरीत टूम असतं, तुमच्या घरात खूळ असतं आणि वर्षअखेरीच्या आढाव्यात लाट असतं. तुम्ही चिडलेले आहात, तेव्हा लाट हा शब्द तुमच्या कामाचा नाही. कुणावर चिडला आहात ते ठरवा आणि उरलेल्या दोनांतला एक घ्या.

खूळ कसं दिसतं ते सांगतो. माझ्या भाचीच्या कपाटाच्या दाराला आतून गायकांची चित्रं लावलेली असतात. नवं आलं की जुनं निघतं, पण चिकटपट्टी पूर्ण कधीच निघत नाही. परवा काहीतरी शोधताना दार उघडलं, तर चार कोपऱ्यांत पिवळट पट्ट्यांचे एकावर एक थर, आणि सध्याच्या गायकाच्या कानामागून आधीच्याचे निळे केस डोकावत होते. ‘हा कोण गं?’ म्हणून विचारलं. तिने मान तिरकी करून निरखून बघितलं आणि म्हणाली, ‘मामा, तो ना... थांब, आठवतंय.’ आठवलं नाही. ‘वेड’ आणि ‘खूळ’ यांतला फरक मला त्या दाराने समजावला. वेडाला मराठीत मान आहे. गाण्याचं वेड, वाचनाचं वेड असं कौतुकाने म्हणतात, माणूस आयुष्यभर ते बाळगतो. खूळ बाळगत नाहीत.

म्हणींचं म्हणाल तर तेरड्याचा रंग तीन दिवस, पाण्यावरचा बुडबुडा, अळवावरचं पाणी हे तुम्हाला सुचलंच असेल. अळवावरचं पाणी इथे थोडं चुकतं, कारण त्यात भरवशाचा नसलेला, कुठेच न चिकटणारा असा भाव जास्त आहे. कुत्र्याच्या छत्र्या म्हणाल तर त्यांचा भर भसाभस उगवण्यावर आहे, मावळण्यावर नाही. तेरडा ठीक. पण या सगळ्यांत दोष त्या वस्तूचा. रंगच कच्चा, बुडबुडाच पोकळ. ‘नव्याचे नऊ दिवस’ एवढी एकच म्हण वेगळी आहे. नऊ दिवसांनी ती वस्तू बिघडत नाही, बघणाऱ्याचं नवल संपतं. मला विचाराल तर तुमच्या वैतागाला हीच लागू पडते, आणि तुम्हाला ते आवडणार नाही याची कल्पना आहे.

कारण ‘वन हिट वंडर’. १९९६ साली ‘मॅकारेना’ हे नाचाचं गाणं जगभर गाजलं तेव्हा ते मलाही येत होतं, म्हणजे हात येत होते. दोन्ही हात पुढे, तळवे उलटे, मग सुलटे, मग खांद्यांवर, डोक्यामागे, कमरेवर आणि शेवटी पाव गिरकी. आजही कुणी ठेका धरला तर हात आपोआप निघतात. गाणारे कोण होते, ते मात्र मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. ते गाणं अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणारी जोडी स्पेनमधली, ‘लोस देल रिओ’, आणि ती साठच्या दशकापासून एकत्र गात होती. म्हणजे जग त्यांना नवे म्हणून डोक्यावर घेत होतं तेव्हा त्यांनी तीस वर्षं गाऊन झालं होतं. ‘गंगनम स्टाईल’चंही तेच. २०१२च्या डिसेंबरमध्ये यूट्यूबवर १०० कोटी वेळा पाहिली गेलेली ती पहिली चित्रफीत ठरली. गायक साय याचा पहिला अल्बम मात्र २००१चा. ‘कोण हा नवा?’ असं विचारणारे आपण, त्याच्या देशात तो अकरा वर्षं जुना.

खगोलशास्त्रात मराठीत ‘नवतारा’ असा शब्द आहे, इंग्रजीत ज्याला ‘नोवा’ म्हणतात त्याला. जिथे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं तिथे एकाएकी तारा झळकतो आणि काही आठवड्यांत, महिन्यांत मंदावतो. तुमच्या पॉपस्टारचं हुबेहूब वर्णन. पण तो तारा नवा नसतोच. चांगला म्हातारा, श्वेतबटू झालेला, म्हणजे इंधन संपून आक्रसलेला असतो. शेजारच्या ताऱ्याकडून ओढून घेतलेला हायड्रोजन त्याच्यावर साचत जातो आणि एक दिवस भडकतो. काही तर पुन्हा पुन्हा भडकतात. उत्तरमुकुट या तारकासमूहातला असा एक तारा १८६६ साली झळकला आणि १९४६ साली पुन्हा. ‘नव’ हे त्या ताऱ्याचं वर्णन नव्हे, आपल्याला तो आधी दिसत नव्हता याची कबुली आहे. शब्द म्हणून मला नवतारा फार आवडला असता, पण ‘नवतारका’ म्हणजे चित्रपटातली नवी मुलगी हा अर्थ इतका रुळला आहे की घोटाळा होईल. नाइलाजाने सोडतो.

मग ‘वन हिट वंडर’ला काय म्हणायचं? रुळलेला शब्द नाही. ‘एकमेव गाण्याचा चमत्कार’ वगैरे भाषांतरं करू नका, ती ऐकणाऱ्याला चमत्कार कुठे आहे ते शोधायला लावतात. मराठीची घडवण्याची पद्धत सोपी आहे: एकखांबी तंबू, दुमजली घर, तिपेडी वेणी, चौपदरी रस्ता. त्याच साच्यातून काढलं तर ‘एकगाणी गायक’. स्त्री असेल तर ‘एकगाणी गायिका’, रूप बदलावं लागत नाही. ‘एककल्ली’ची थोडी छटा आपसूक येते, ती वाईट नाही. वापरून बघा, कानाला टोचलं तर टाकून द्या.

‘हिट’साठी ‘गाजलेलं’ आहेच, आणि ते हिटपेक्षा सरस आहे. गाजणं हे ‘गर्ज्’वरून आलं, समुद्राची गाज तीच. हिट म्हणजे नेम लागला. गाजलं म्हणजे आवाज झाला, बरा की वाईट ते पुढचं, खटलाही गाजतोच.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवी टूम काढतं, आमच्या घरात तिचं खूळ शिरतं, आणि या एकगाणी गायकांचं औटघटकेचं राज्य माझ्या कानांवर चालतं.’ ‘पॉपस्टार’ हवाच असेल तर अनेकवचनात तसाच ठेवा, ‘पॉपस्टार्स’ नको. आणि पोरांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून सुटलो. माझे हात अजून कमरेवर आहेत.