नव्याण्णव कुणाकडे दिली?

प्रिय लेकरा,

सप्रेम सलाम.

तुला दुसरीचा वर्ग मिळाला हे वाचून फार आनंद झाला. गणित-मराठीचं काही वाटत नाही, पण पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या तासाची धास्ती वाटते, असं लिहिलंस. ‘गोष्टीचं तात्पर्य एवढ्या लहान मुलांच्या गळी कसं उतरवू?’ उतरवूच नकोस. गोष्ट सांग आणि गप्प बस. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

नगरला असताना एका सोमवारी मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली. शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याच्या शोधात जातो. मी तात्पर्य सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. घर धनगराचं. जूनपासून वर्गात त्यानं ब्र काढला नव्हता. म्हणाला, “बाई, मग नव्याण्णव कुणाकडे दिली? लांडगा आला तर?”

वर्ग हसला. मी म्हटलं, “देवाला सगळ्यांची काळजी असते, खाली बस.” आणि तात्पर्य सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. तो बसला तो बसलाच. दिवाळीपर्यंत पुन्हा बोलला नाही. त्याची ती खाली गेलेली मान अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या वर्गात मेंढरू म्हणजे काय हे खरोखर ठाऊक असलेला तो एकटाच होता. विचारलं असतं तर मेंढरांभोवती जाळीची वाघूर कशी लावतात, रात्री कोण जागतं, कुत्री कुठल्या अंगाला बसतात, सगळं त्यानं सांगितलं असतं. मेंढरं राखणाऱ्या मुलखातच ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली. तिथंही कुणाच्या तरी मनात हाच प्रश्न आला असणार.

हेच तुला मंगळवारी गणितात भेटेल. एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद म्हणत आलेलं मूल ९९ला ‘एकोणशंभर’ म्हणेल. चूक म्हणून लाल रेघ मारू नकोस. आधी त्याला शाबासकी दे, कारण नियम त्यानं स्वतः शोधलाय. नव्याण्णव त्या नियमाला धरून नाही, हे मग सांग. त्याला ते पटतं आणि कायमचं लक्षात राहतं.

परिपाठाचं फार मनावर घेऊ नकोस, ते आठवड्याभरात अंगवळणी पडतं. प्रार्थनेबद्दल मात्र सांगते. तुझ्या वर्गात हिंदू, मुसलमान, बौद्ध घरांतली मुलंही असतील. मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. राज्यघटनेचं २८वं कलम तसं सांगतं. पण मला ते कलमाच्या आधी माणुसकीचं वाटतं. एखादं मूल हात न जोडता नुसतं उभं असेल तर त्याच्याकडे रोखून पाहू नकोस. आपल्या मिशनच्या शाळांमधून शिकून गेलेल्यांनी आपल्याला काय दिलं तेही आठव. अमेरिकन मिशनरी शिक्षिका सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९मध्ये नगरला. त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतलेल्या सावित्रीबाईंनी ख्रिस्ती धर्म घेतला नाही, आणि या देशातल्या मुलींना शाळेची वाट दाखवली. फरारबाईंचं शिकवणं वाया गेलं, असं कोण म्हणेल?

शनिवारी शाळा सकाळची. मुलं गेल्यावर लगेच कुलूप लावू नकोस. दहा मिनिटं बाकावर बसून राहा आणि आठवडाभरात ज्यांचा आवाज एकदाही ऐकू आला नाही, त्यांची नावं आठवून लिही. पहिल्या शनिवारी तुला काही चेहरेसुद्धा आठवणार नाहीत. घाबरू नकोस, माझंही तसंच झालं होतं. सोमवारी त्यातल्या एकाच्या शेजारी जाऊन बस आणि त्याच्या घरी काय राखतात, काय पिकवतात, काय शिवतात ते विचार. गोष्ट त्यानंतर सांग.

सोबत एक कोरी दोनशेपानी वही पाठवते आहे. हजेरी त्यात लिहू नकोस.

तुझी,
बाई