धरणांची उपग्रह चित्रे, गावांच्या सीमा आणि पावसाच्या नोंदी सिमँटिक वेबच्या पद्धतीने सांभाळाव्यात का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याजवळच्या खडकवासला साखळीतील (खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर) जलाशयांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या छोट्या गटाकडे सेंटिनेल या युरोपीय पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांची चित्रे, गावांच्या सीमा, पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि धरणसाठ्याचे दैनिक आकडे वेगवेगळ्या फाइलींत विखुरलेले आहेत, ते सर्व सिमँटिक वेबच्या, म्हणजे संगणकाला अर्थ कळेल अशा रीतीने माहिती जोडण्याच्या, पद्धतीतील आरडीएफ या मांडणीत आणावे, की पोस्टजीआयएस या भौगोलिक आकृत्या सांभाळणाऱ्या प्रणालीचा एक नीट बांधलेला डेटाबेस पुरेसा होईल? मी पुण्यात भौगोलिक माहिती एकमेकींशी जोडण्याच्याच कामात आहे. माझे मत असे की आपल्याला दोन्ही लागतील, पण कोणती गोष्ट कोठे ठेवायची याची हद्द आरंभीच आखून घ्यायला हवी. चित्रांतील पिक्सेल आरडीएफमध्ये आणू नयेत. चित्रांविषयीची माहिती, त्यांतून काढलेल्या आकृत्या आणि त्या आकृत्या ज्या स्थळांच्या आहेत त्या स्थळांची ओळख मात्र अवश्य आणावी.

पिक्सेल का नकोत, हे साध्या हिशेबाने कळते. सेंटिनेल-२ च्या ज्या चौकटीत पुणे येते तिचा क्रमांक ४३क्यूसीए असा आहे. दहा मीटर विभेदनक्षमतेच्या (एक पिक्सेल दहा मीटर रुंद) एका पट्ट्यात, म्हणजे एका तरंगलांबीच्या चित्रात, अशा चौकटीत १०,९८० गुणिले १०,९८०, म्हणजे सुमारे १२ कोटी पिक्सेल असतात. आरडीएफमध्ये प्रत्येक विधान कर्ता, संबंध आणि कर्म अशा त्रिकाच्या रूपात लिहिले जाते. एका पिक्सेलसाठी स्थान, मूल्य आणि वेळ एवढी तीनच त्रिके धरली, तरी एका तारखेच्या एका पट्ट्याची ३६ कोटी त्रिके होतात, आणि दोन उपग्रह मिळून ते क्षेत्र दर पाच दिवसांनी पुन्हा टिपले जाते. त्या त्रिकांतून नवे ज्ञान काहीच हाती येत नाही, कारण पिक्सेलच्या शेजारी कोणता पिक्सेल आहे हे फाइलीच्या मांडणीतच दडलेले असते. म्हणून चित्रे क्लाउडसाठी अनुकूल केलेल्या जिओटिफ (स्थाननिर्देश असलेल्या चित्र) फाइलींतच राहू द्यावीत, त्यांची सूची स्टॅक या जेसन नावाच्या मजकूर-स्वरूपावर आधारलेल्या प्रमाणकानुसार करावी, आणि आरडीएफच्या आलेखात, म्हणजे त्रिकांच्या जाळ्यात, प्रत्येक चित्राचा फक्त पत्ता, वेळ, व्याप्ती, संवेदक आणि प्रक्रियेची आवृत्ती ठेवावी.

आता ज्या भागात ही पद्धत खरोखर उपयोगी पडते त्या भागाकडे वळतो, आणि तो भाग म्हणजे स्थळांची ओळख. आपण ज्या प्रदेशाचा अभ्यास करीत आहात तेथे 'खडकवासला' हे एका धरणाचे नाव आहे, त्या धरणामागील जलाशयाचे नाव आहे, एका गावाचे नाव आहे आणि एका विधानसभा मतदारसंघाचेही नाव आहे. धरण १८७९ मध्ये पूर्ण झालेले बांधकाम आहे, जलाशय ऋतूप्रमाणे आकार बदलणारा पाण्याचा पृष्ठभाग आहे, आणि गाव ही लोकसंख्या असलेली प्रशासकीय वस्तू आहे. फाइलींच्या स्तंभांत मात्र सगळीकडे एकच शब्द लिहिलेला असतो. उलट पानशेतचा जलाशय एका नोंदीत 'पानशेत' म्हणून येतो आणि दुसरीत 'तानाजीसागर' म्हणून, तर वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ ही पुणे जिल्ह्यातीलच गावे एखाद्या घाईत भरलेल्या तक्त्यात नुसते 'वडगाव' होऊन बसतात. सिमँटिक वेबचा पहिला आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा नियम हा की प्रत्येक वस्तूला तिचा स्वतंत्र यूआरआय (वेबवरील एकमेव ओळख-पत्ता) असावा आणि नाव हे त्या वस्तूचे केवळ एक वैशिष्ट्य मानले जावे, तिची ओळख नव्हे. मग मुख्य नाव, पर्यायी नाव, मराठी लेखन आणि इंग्रजी लेखन हे सगळे एकाच वस्तूला जोडता येते, आणि उद्या नाव बदलले तरी जुन्या नोंदी तुटत नाहीत.

येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. दोन यूआरआय एकाच वस्तूचे आहेत असे सांगणारा 'सेमअ‍ॅज' हा संबंध फार सढळपणे वापरला जातो. आपण धरणाचा यूआरआय विकिडेटा या खुल्या माहितीसंचातील गावाच्या नोंदीला या संबंधाने जोडलात, तर अनुमान करणारे सॉफ्टवेअर तर्काला धरूनच असा निष्कर्ष काढील की धरणाला लोकसंख्या आहे आणि गावाला सांडव्याचे दरवाजे आहेत. जेथे खात्री नाही तेथे 'जवळचा जुळणारा' एवढाच सैल संबंध वापरावा. गावांसाठी जनगणनेचे संकेतांक आणि केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतील संकेतांक उपलब्ध आहेत. नावांवरून जुळणी करण्यापेक्षा या संकेतांकांवरून करावी.

ओळखीनंतर काळाचा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक प्रकल्पांत उशिरा लक्षात घेतला जातो. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे समाविष्ट झाली. त्या २३ गावांत खडकवासला गावही आहे. त्यामुळे 'महापालिका हद्दीतील बांधकामाखालील क्षेत्र किती वाढले' या प्रश्नाला हद्द कोणत्या वर्षाची घ्यायची हे सांगितल्याशिवाय अर्थच राहत नाही, कारण वाढ सिमेंटची झाली की सीमारेषेची, हे वेगळे करता आले पाहिजे. प्रत्येक सीमेच्या आकृतीला ती केव्हापासून केव्हापर्यंत वैध होती हे जोडणे हा यावरचा उपाय आहे. जिओस्पार्कल हे आरडीएफमधील भौगोलिक माहितीसाठीचे, ओजीसी या भौगोलिक प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये स्वीकारलेले प्रमाणक वस्तू आणि तिची भूमिती यांना वेगवेगळे ठेवते, म्हणून एका गावाला वेगवेगळ्या काळाच्या अनेक आकृत्या जोडता येतात. मात्र काळाची संकल्पना त्या प्रमाणकात नाही. तिच्यासाठी ओडब्ल्यूएल-टाइम हा शब्दसंग्रह (ठरलेल्या संज्ञांचा संच) सोबत घ्यावा लागतो. अथेन्स विद्यापीठातील गटाने स्ट्राबॉन ही प्रणाली याच गरजेतून बांधली, आणि तिच्यात प्रत्येक त्रिकाला वैधतेचा कालावधी जोडण्याची सोय आहे.

त्याच गटाच्या सहभागाने २०१० ते २०१३ या काळात चाललेल्या टेलिऑस प्रकल्पातील एक उदाहरण आपल्या कामाला फार जवळचे आहे. ग्रीसमधील वणव्यांवर लक्ष ठेवण्यासाठी तेथे भूस्थिर हवामान उपग्रहाची चित्रे वापरली जात. त्या उपग्रहाचा एक पिक्सेल काही किलोमीटर रुंद असल्यामुळे किनाऱ्याजवळील आगीचा ठिपका कधी अर्धा समुद्रात पडे, तर कधी पूर्णपणे. ठिपक्यांची आकृती, किनारपट्टी आणि जमीन-वापर हे तिन्ही एकाच आलेखात असल्याने, समुद्रावर पडणारे ठिपके वगळणे आणि उरलेल्यांचा आकार किनाऱ्यानुसार छाटणे हे काम थेट क्वेरीनेच, म्हणजे आलेखाला विचारलेल्या प्रश्नानेच, करता आले.

आपल्याकडे याच्याशी मिळतीजुळती अडचण पावसाळ्यात येते. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीवर ढग असल्यामुळे सेंटिनेल-२ ची बहुतेक चित्रे पाण्याच्या अभ्यासाला निरुपयोगी ठरतात आणि नेमक्या त्याच काळात धरणे भरत असतात. म्हणून सेंटिनेल-१ चे रडार वापरावे लागते. शांत पाण्यावरून रडारची लहर दुसरीकडे परावर्तित होते आणि पाणी काळे दिसते. पण पानशेत, वरसगाव आणि टेमघरच्या परिसरातील उंच डोंगरांमागे रडारची सावली पडते, तीही काळीच दिसते, आणि स्वयंचलित वर्गीकरण तिलाही पाणी समजते. ज्या 'पाण्याच्या' आकृत्या तीव्र उताराच्या क्षेत्रावर पडतात आणि कोणत्याही ज्ञात जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीच्या सीमेला छेदत नाहीत, त्या शोधून काढणारी क्वेरी आलेखावर लिहिता येते. अशा आकृत्या पुसून न टाकता त्यांच्यावर 'संशयित सावली' अशी नोंद करावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण एखाद्या वर्षी खरोखरच नवे शेततळे तेथे झालेले असू शकते.

त्याचप्रमाणे प्रत्येक आकृती कोणत्या चित्रातून, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या उंबरठ्याने (ज्या मूल्यापासून पाणी मानले त्या मूल्याने) काढली, याची वंशावळ ठेवणे अत्यावश्यक आहे. याला प्रॉव्ह-ओ हा वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचा २०१३ चा शब्दसंग्रह पुरेसा आहे. त्याची निकड एका प्रत्यक्ष गोष्टीवरून पटावी. जानेवारी २०२२ मध्ये सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली, आणि तेव्हापासून चित्रातील अंकांत १,००० ची भर घातलेली असते, जी परावर्तन काढण्यापूर्वी वजा करावी लागते. हिरवा आणि निकट-अवरक्त पट्टा वापरून काढल्या जाणाऱ्या जलनिर्देशांकात ही भर अंशातून आपोआप निघून जाते, पण छेदात राहते. त्यामुळे ती वजा न केल्यास निर्देशांक शून्याकडे सरकतो, आणि उंबरठा शून्याखेरीज दुसरा असेल तर पाण्याचे क्षेत्र २०२१ आणि २०२२ या वर्षांदरम्यान विनाकारण बदललेले दिसते. ज्या आलेखात प्रत्येक आकृतीला मूळ चित्र आणि त्याच्या प्रक्रियेची आवृत्ती जोडलेली आहे, तेथे अशा सर्व संशयास्पद आकृत्या एका क्वेरीने समोर येतात. फाइलींच्या नावांवर विसंबून राहणाऱ्या मांडणीत ते शोधणे फार कष्टाचे होते.

पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि धरणसाठ्याचे आकडे यांच्यासाठी सोसा हा निरीक्षणांचा शब्दसंग्रह घ्यावा. त्यात घटना घडल्याची वेळ आणि निष्कर्ष नोंदल्याची वेळ वेगळी ठेवलेली आहे, आणि सकाळी वाचलेला पाऊस आदल्या दिवसाचा असतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. एककेही स्पष्ट लिहावीत: एका ठिकाणी साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत) असतो, दुसऱ्या ठिकाणी दलघमीमध्ये (दशलक्ष घनमीटरांत), आणि एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. उपग्रहातून आपल्याला पाण्याचे क्षेत्रफळ मिळते, साठा मिळत नाही; क्षेत्रफळावरून साठा काढणारा तक्ता गाळामुळे काळानुसार बदलतो, म्हणून तो तक्ताही कोणत्या सर्वेक्षणाचा आहे हे नोंदलेले असावे.

आता पोस्टजीआयएसकडे येतो. ते सोडू नका. आकृत्यांचे छेद, क्षेत्रफळे आणि अंतरे काढण्यात ते बहुतेक त्रिक-भांडारांपेक्षा वेगवान आणि अधिक मुरलेले आहे. ऑन्टॉपसारखे साधन वापरले, तर माहिती पोस्टजीआयएसमध्येच राहते, तक्ते आणि शब्दसंग्रह यांची सांगड आरटूआरएमएल या भाषेत लिहिली जाते आणि स्पार्कल या आरडीएफच्या प्रश्नभाषेत विचारलेला प्रश्न पाठीमागे डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत रूपांतरित होतो. आपल्या आकाराच्या गटाला मी हाच मार्ग सुचवीन. मात्र आपली सर्व माहिती एकाच गटाने गोळा केलेली असती, प्रश्न ठरावीक असते आणि ती कोणालाही द्यायची नसती, तर मी आपल्याला या वाटेला जाऊच नका असे सांगितले असते; ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांचे संबंध यांचा आराखडा, सांभाळायला माणूस लागतो आणि तो सातत्याने लागतो. आपली माहिती चार वेगळ्या स्रोतांची आहे आणि आपल्याला ती इतर अभ्यासकांना खुली करायची आहे, म्हणूनच हा खर्च योग्य वाटतो.

दोन तांत्रिक खबरदाऱ्या विशेष सांगतो. जिओस्पार्कलमध्ये भूमितीबरोबर निर्देशांक-पद्धती लिहिली नाही, तर सीआरएस८४ गृहीत धरली जाते आणि तिच्यात रेखांश आधी येतो. ईपीएसजी ४३२६ ही पद्धती लिहिली, तर अक्षांश आधी यायला हवा. हा क्रम उलटला तर पुण्यातील ७३.८५ आणि १८.५२ ही जोडी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते, आणि क्वेरी कोणतीही चूक न दाखवता रिकामे उत्तर देते. शॅकल या आरडीएफ तपासण्याच्या भाषेत एक नियम लिहून प्रत्येक आकृती पुणे जिल्ह्याच्या चौकटीत आहे ना, हे माहिती भरतानाच तपासावे. दुसरे असे की क्षेत्रफळ अंशांवरून काढू नये. त्यासाठी यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर या विभागातील निर्देशांक वापरावेत. २०२४ मध्ये आलेल्या जिओस्पार्कल १.१ मध्ये क्षेत्रफळाची फंक्शने आणि जिओजेसन या भूमिती लिहिण्याच्या स्वरूपाचा आधार दिलेला आहे, परंतु प्रत्येक सॉफ्टवेअरने ती सर्व अमलात आणलेली नाहीत, म्हणून निवड करण्यापूर्वी आपल्याला लागणारी फंक्शने प्रत्यक्ष चालवून पाहावीत.

आरंभ कोठून करावा असे आपण विचारले आहे. ऑन्टॉलॉजी रेखाटायला बसू नका. आधी आपल्या गटाला ज्यांची उत्तरे हवी आहेत असे मोजके प्रश्न पूर्ण मराठी वाक्यांत लिहा, उदाहरणार्थ 'पानशेत ९० टक्के भरले त्या दिवसानंतरच्या पहिल्या रडार चित्रात निळ्या पूररेषेच्या आत पाणी दिसणारी कोणती गावे तेव्हा महापालिकेबाहेर होती?' या एका वाक्यात साठ्याचे निरीक्षण, चित्राची वेळ, आकृत्यांचा छेद, पूररेषा आणि सीमेची वैधता हे सर्व आलेले आहे. असे प्रश्न ज्या संकल्पना मागतील तेवढ्याच घ्याव्यात, आणि त्या शक्यतो तयार शब्दसंग्रहांतून घ्याव्यात. यूआरआय मात्र प्रकल्पाच्या तात्पुरत्या संकेतस्थळाच्या नावावर बांधू नका, कारण निधी संपला आणि डोमेनचे नूतनीकरण राहिले की सगळे पत्ते एकदम मृत होतात. डब्ल्यूथ्रीआयडीसारखी स्थायी पत्त्यांची सेवा विनामूल्य आहे; पत्ते तेथे नोंदवून तेथून आपल्या सर्व्हरकडे वळवले, तर सर्व्हर बदलला तरी इतरांनी आपल्या माहितीला दिलेले दुवे चालू राहतील.