लिंबूटिंबू म्हणजे काय गं आई?

सई बाळा,

काल फोनवर चांगलीच फुगली होतीस. "आई, ओंकारदादा मला लिंबूटिंबू म्हणतो. म्हणजे काय? मला राज्यच देत नाहीत!" तेवढ्यात मामीने हाक मारली आणि फोन बंद. वाईला साडेपाच म्हणजे इथे मेलबर्नला रात्रीचे अकरा, म्हणून परत केला नाही. आज सवडीने लिहितेय. जोडाक्षर अडलं तर आजीला विचार.

लिंबूटिंबू ही शिवी नाही गं. जो लहान आहे किंवा ज्याला खेळ येत नाही, त्याला "तू नको" म्हणून पायरीवर बसवायचं नाही. त्यालाही पळू द्यायचं, लपू द्यायचं, फक्त आउट झाला तरी राज्य द्यायचं नाही. कोणी कच्चं लिंबू म्हणतात. तुझ्या शाळेत आउट झालं की बाकावर जाऊन बसतात ना, त्यापेक्षा मला हे बरं वाटतं. पण मान्य आहे, आठव्या वर्षी राग येतोच.

राज्य हा शब्दही उफराटाच. ज्याच्यावर राज्य येतं त्याच्या नशिबी नुसती धावाधाव. म्हणून तर आधी चकायचं: तिघांनी हात एकदम उताणा किंवा पालथा टाकायचा, ज्याचा वेगळा पडेल तो सुटला. शेवटी उरेल त्याच्यावर राज्य. आणि तू ते मागून घेतेयस!

मीही मागून घेतलं होतं. याच अंगणात, डबा ऐसपैस खेळताना. तीन वर्षं लिंबूटिंबू राहून कंटाळले होते. तुझ्या मामाने डालड्याचा डबा असा भिरकावला की तो थेट विहिरीपाशी गेला. मी तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत सगळे गुडुप. मग पडवीच्या खांबाआड निळा चौकड्यांचा शर्ट दिसला. मी डबा आपटून ओरडले, "दादा ऐसपैस!" आणि बाहेर आला शेजारचा मुलगा, मामाचा शर्ट घालून. "अंडं! अंडं!" नाव चुकलं की अंडं, म्हणजे राज्य पुन्हा माझ्यावरच. एका संध्याकाळी चार वेळा. पाचव्यांदा शोधत होते तोवर दिवेलागण झाली, सगळे आपापल्या घरी शुभंकरोतीला गेले, मला कोणी सांगितलंच नाही. मी डबा घेऊन विहिरीपाशी उभी. मामा बोलवायला आला आणि म्हणाला, "उद्यापासून परत लिंबूटिंबू हो." मी नाही म्हटलं. राज्य बाकी होतं, ते दुसऱ्या दिवशी पुरं केलं.

पत्ते, कॅरम, नवा व्यापार हे सगळं नंतर आलं आणि गेलं. कॅरम तर बाबांशी अजून खेळते, पण ते मुकाट्याने हरत नाहीत.

अजून एक. मामाला माळ्यावरचा विटीदांडू काढायला सांग. त्यातले मोजायचे शब्द ऐक: वकट, लेंड, मूंड, नाल... मग आपल्या शेजारच्या तेलुगू मैत्रिणीला फोन लावून एक-दोन-तीन-चार म्हणायला सांग. ती म्हणेल ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आम्ही लहानपणभर तेलुगूत मोजत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता!

तर आज संध्याकाळी ओंकारदादाला स्पष्ट सांग, "आजपासून मी पक्की." रडायचं नाही, आजीकडे तक्रार न्यायची नाही. आणि डबा ऐसपैसला राज्य आलं तर शर्ट बघू नकोस, पाय बघ. शर्ट सगळे बदलतात, चपला बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. हे मी सांगितलं म्हणून मामाला कळू देऊ नकोस.

तुझी,
आई